घड्याळाचे लक्ष्य हृदयरुग्णांसाठी नव्हे

आरोग्य पुरवणीतील 'अँजिओप्लास्टीनंतर स्मार्टवॉचचा आधार' हा लेख वाचला. अनियमित ठोके टिपायला घड्याळ उपयोगी पडते, हे मान्य. पण एक बाब लेखात राहून गेली. अनेक घड्याळे व्यायामाचे लक्ष्य '२२० वजा वय' या ढोबळ हिशेबाने ठरवतात. म्हणजे साठीच्या माणसाला कमाल १६० ठोके. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मात्र अनेकांना मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर दिले जाते आणि ठोके कमी ठेवणे हेच मुळी त्याचे काम! धाप लागली तरी नाडी फारशी चढत नाही आणि मनगटावरचा पडदा 'वेग वाढवा' म्हणून मागे लागतो. आमच्या बागेत अँजिओप्लास्टी झालेले दोघे-तिघे रोज सकाळी घड्याळात बघत, घामाघूम होत त्या आकड्याचा पाठलाग करताना दिसतात. त्यापेक्षा चालताना न अडखळता वाक्य बोलता येते का, ही पुनर्वसनात वापरली जाणारी कसोटी बरी. ती फुकटही आहे. शिवाय मनगटावरचा ईसीजी सहसा एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा; रुग्णालयातला बारा लीडचा. घड्याळाने 'सायनस ऱ्हिदम' (ठोक्यांची नेहमीची लय) दाखवला म्हणून छातीतले दुखणे अंगावर काढू नये, एवढे तरी चौकटीत छापायला हवे होते.

– एक वाचक, सांगली