उपग्रहाचे फोटो फुकट आहेत, ते कुठले, कधीचे तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पूर, वणवा, आटलेलं धरण अशा बातम्यांसोबत तुम्ही उपग्रहाचे फोटो छापता, ते चांगलंच आहे, पण खाली नुसतं 'उपग्रहाने टिपलेलं दृश्य' एवढंच असतं. कुठला उपग्रह, कुठल्या तारखेचं, काहीच नाही. आणि हे फोटो कोणालाही फुकट मिळतात, नुसते बघायला नाही तर त्यामागचे मूळ आकडेसुद्धा (कुठल्या ठिपक्यातून किती प्रकाश परावर्तित झाला ते), हे बहुतेक वाचकांना माहीतच नसतं, म्हणून हे पत्र.

लँडसॅट मालिकेतले उपग्रह 1972 पासून पृथ्वीचे फोटो काढतायत. पण आधी पैसे पडायचे, लँडसॅट 7 च्या एका चित्राला 600 डॉलर. 2008 मध्ये अमेरिकेच्या यूएसजीएसने (तिथली सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) साठा फुकट करायचं ठरवलं. त्याआधी विक्रीचं सगळ्यात चांगलं वर्ष म्हणजे 2001, त्यात साधारण 25 हजार चित्रं खपली होती, आणि फुकट झाल्यावर वर्षाला दहा लाखांच्या वर डाउनलोड व्हायला लागली. युरोपचा सेंटिनेल-2 तर 2015 ला वर गेला तो खुल्या डेटाचं धोरण घेऊनच, पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 मीटर लांब-रुंद, आणि जोडीने फिरत असल्यामुळे दर 5 दिवसांनी तीच जागा परत.

पण फुकट आहे म्हणजे हाताशी आहे असं होत नाही. सेंटिनेल-2 चा एक तुकडा 110 किलोमीटर लांब-रुंद असतो, नुसत्या एका बँडमध्ये (एका रंगाच्या प्रकाशाचं वेगळं चित्र) 10980 गुणिले 10980 पिक्सेल. तुम्हाला बघायचंय एक हेक्टरचं शेत, म्हणजे फक्त 100 पिक्सेल, आणि त्यासाठी अख्खी फाइल उतरवायची, आणि दहा वर्षांचा बदल बघायचा तर अशा शेकडो. साधं इंटरनेट असलेला माणूस इथेच सोडून देतो.

क्लाउडमुळे, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या संगणकांमुळे, खरा फरक पडला तो इथे. अ‍ॅमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडवर या साठ्यांच्या प्रती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच 'क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ' या प्रकारात आहेत. यात चित्र आतून छोट्या छोट्या चौकोनांत कापलेलं असतं आणि कुठला चौकोन कुठे आहे याची यादी फाइलच्या सुरुवातीलाच असते. क्यूजीआयएससारखं नकाशांचं फुकटचं सॉफ्टवेअर आधी ती यादी वाचतं आणि मग तुमच्या शेतावरचे एक-दोन चौकोन तेवढे मागवतं, बाकीची फाइल तिकडेच राहते!

याचा एक फायदा फार कोणी सांगत नाही. कॅटलॉगमध्ये शोधताना 'ढग 60 टक्के' असं दिसलं की लोक ते चित्र सोडून देतात, पण तो आकडा अख्ख्या तुकड्याचा असतो, तुमच्या शेतावर त्या दिवशी लख्ख ऊनही असू शकतं. आता तेवढाच चौकोन उघडून बघता येतो, त्यामुळे पावसाळ्यातली कितीतरी चित्रं कामाला येतात.

दोन ठिकाणी मात्र जपून. यूएसजीएसचा अ‍ॅमेझॉनवरचा लँडसॅट साठा 'रिक्वेस्टर पेज' (Requester Pays, मागणाऱ्याने पैसे भरायचे) आहे, म्हणजे डेटा फुकट पण तो बाहेर काढायचा खर्च मागणाऱ्याच्या खात्यावर, त्याला खातं आणि कार्ड लागतं, आणि विद्यार्थ्याकडे ते कुठून असणार? माझ्या मते सार्वजनिक पैशातून काढलेल्या चित्रांना असं दार नकोच. तीच चित्रं यूएसजीएसच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर नुसती नोंदणी करून मिळतात, आणि सेंटिनेल-2 ची एक प्रत अ‍ॅमेझॉनवरच खात्याशिवाय उघडते.

दुसरं जास्त गंभीर आहे. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या आकड्यांत 1000 मिळवलेले असतात, ते वजा करायचे असतात. समजा लाल बँड 400 आणि इन्फ्रारेड 3000, तर हिरवाईचा निर्देशांक एनडीव्हीआय येतो 0.76. तेच 1400 आणि 4000 घेतले तर 0.48, म्हणजे हिरवंगार पीक कागदावर बरंच वाळलं! काही प्रतींत हे 1000 आधीच काढलेले असतात, काहींत नसतात, ते मेटाडेटात, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीत, लिहिलेलं असतं, पण बघतो कोण, आणि मग '2022 नंतर हिरवाई घटली' असे नकाशे सहज तयार होऊ शकतात.

म्हणून विनंती, उपग्रहाचं चित्र छापाल तेव्हा खाली उपग्रहाचं नाव, तारीख आणि रंग खरे आहेत की इन्फ्रारेड वापरून बनवलेत एवढं लिहाच. एका ओळीचं काम आहे, आणि ज्याला शंका आली त्याला तेच चित्र स्वतः उघडून ताडून बघता येईल.

आपला,
एक नियमित वाचक