चिठ्ठ्यांची गोष्ट

सॅन फ्रान्सिस्को

प्रिय सुऱ्या,

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले, मी एकही घेतला नाही. शिव्या दे हव्या तेवढ्या. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

काल लँड्स एंडपासून गोल्डन गेट पुलापर्यंत समुद्राच्या कड्याकडेनं चालत गेलो. परतायला वेमो, म्हणजे बिनचालकाची टॅक्सी, बोलावली. पांढरी गाडी, टपावरच्या घुमटात माझी आद्याक्षरं, पुढच्या सीटवर कोणी नाही. वळणावर स्टिअरिंग आपलं आपण फिरलं आणि मला थेट वेल्हं आठवलं.

गाडी राजगडाखाली गुंजवण्यात, आणि आपण राजगडावरून तोरणा करून उतरणार पलीकडे, तोरण्याखाली वेल्ह्यात. कोणीतरी मागं राहून मार्गासनीवरून गाडी फिरवून आणायला हवी होती. चिठ्ठी तुझ्या नावाची निघाली. तू म्हणालास लबाडी आहे, मी आईची शपथ घेतली. सुऱ्या, चारही चिठ्ठ्यांवर तुझंच नाव होतं. अळू दरवाजातून उतरताना आम्ही हसत होतो. बुधला माचीवर पोचेपर्यंत माझं हसू गेलं होतं. आणि तू वेल्ह्यात गरम भजी घेऊन उभा!

अशी गाडी तेव्हा असती तर ती एकटीच वेल्ह्याला गेली असती आणि तू आमच्याबरोबर तोरण्यावर असतास. एवढ्यासाठी मला ती हवी आहे. गाडीपाशी परत यायचं म्हणून आपण किती वाटा अर्ध्यावर सोडल्या! हरिश्चंद्रगड खिरेश्वरनं चढून पाचनईला उतरायचं तर एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ लागायचं, आणि कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायला तू लागायचास.

तरी रात्रभर झोप नाही. इथली पॅसिफिक क्रेस्ट वाट मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाते, सुमारे ४,२६५ किलोमीटर. तिच्यावरचे लोक शिधा भरायला खाली गावात उतरतात ते बहुतेक लिफ्ट मागून. मागच्या उन्हाळ्यात मीही साडेतीन हजार मीटरवरची कियरसार्ज खिंड ओलांडून अनियन व्हॅलीत उतरलो. तिथून इंडिपेंडन्स वीसेक किलोमीटर. अंगठा दाखवून तासभर उभा. एका म्हाताऱ्यानं पिकअप थांबवला, कुत्र्याला मागं घातलं, माझ्या घामट सॅकला पुढं जागा दिली. वाटेत मला पीच दिलं, रस कोपरापर्यंत ओघळला. बायको गेल्यापासून रोज इकडे चक्कर मारतो म्हणाला.

या गाड्या अजून तिथवर जात नाहीत. आधी बारकाईनं नकाशे केलेल्या भागातच त्या फिरतात. पण कधीतरी जातील. मग खिंडीखाली रिकामी गाडी उभी असेल, आणि तो म्हातारा रिकामाच परत जाईल. चालणाऱ्याला गावाची गरजच उरली नाही तर कसं व्हायचं, सांग. वेल्ह्यात ज्या मावशींनी आपल्याला पाय धुवायला पाणी दिलं, त्यांच्या दारावरून गाडी सरळ निघून जाईल.

आईंचा मोतीबिंदू झाला का? चिनूची बारावी कशी गेली? गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते नीट लिही, थापा नकोत.

जानेवारीत येतोय. गुडघा परवानगी देत असेल तर तू बाळ्याबरोबर राजगड-तोरणा कर. गाडी मी आणतो वेल्ह्याला. चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. भजी कुठून घेतली होतीस तेवढं कळव.

तुझा,
दिन्या