छोटं चित्र म्हणजे कच्चं चित्र नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला चित्रकलेवरचा लेख आवडला, पण एक विधान खटकलं. प्रत्यक्ष पाहून केलेली छोटी निसर्गचित्रं आणि वस्तुचित्रं म्हणजे मोठ्या चित्राची ‘पूर्वतयारी’, आणि खिशात मोबाइल आल्यापासून तिचीही गरज उरली नाही, असं लेखक म्हणतात. मी अशीच चित्रं रंगवते. पोस्टकार्डाएवढी, फार तर वहीच्या पानाएवढी. म्हणून हे पत्र.

आकार लहान असतो तो हौसेपोटी नव्हे, ऊन थांबत नाही म्हणून. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. झाडाचा शेंडा रंगवून खाली येईपर्यंत बुंध्याची सावली भलतीकडेच गेलेली असते. व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० सालीच बजावून ठेवलंय: उघड्यावर बसून करायच्या अभ्यासाला जास्तीत जास्त दोन तास, सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धा तास. अर्ध्या तासात हातभर कॅनव्हास कोण भरणार? इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने १८२१-२२ मध्ये ढगांची छोटी तैलचित्रं केली. त्यांतल्या कित्येकांच्या मागे तारीख, वेळ आणि वारा कसा होता तेही लिहिलेलं आहे. त्यांना कच्चं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता मोबाइलचं. टेबलावर पांढरा कप ठेवा, एका बाजूने खिडकीचा उजेड येऊ द्या. सावलीतली बाजू सरसकट करडी असणार, असं आपण धरूनच चालतो. डोळे किलकिले करून बघा. सगळ्यात गडद पट्टा पार कडेला नसतो, उजेड जिथे संपतो त्याला लागून असतो. त्याच्यापुढे, कडेकडे, सावली पुन्हा जराशी उजळते. बुडाशी लाकडाचा तांबूसपणा कपावर परत आलेला असतो, आणि कप टेबलाला टेकतो तिथे केसाएवढी काळी रेघ. मोबाइल ही सावली आपल्या मनाने उजळून टाकतो, नाहीतर काळीकुट्ट करतो. मग आपण रंगवतो तो कप नव्हे, मोबाइलने घेतलेला निर्णय. फोटोवरून रंगवूच नये असं नाही. उडता पक्षी काही आपल्यासाठी थांबत नाही. कप मात्र थांबतो की!

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुरवणीतल्या चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं, माध्यम असतं, माप नसतं. तळहाताएवढं चित्र आणि भिंतभर चित्र छापून एकाच आकाराचं येतं, आणि छोट्या चित्रातले फटकारे वाचकाला जाडेभरडे वाटतात. तिथे एक फटकारा म्हणजे अख्खं झाड असतं, हे त्याला कळणार कसं? उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये द्या. चित्रकाराने सांगितलं असेल तर ‘प्रत्यक्ष पाहून’ की ‘फोटोवरून’ हेही छापा. अर्ध्या ओळीत मावेल.

– एक वाचक आणि हौशी चित्रकार