तिसरी स्क्रीन कशाला?

मनू,

तुझा व्हिडिओ बघितला, फोनवर नाही हं, गॅरेजच्या भिंतीवर प्रोजेक्टर मारून बघितला, आईपण होती. स्टेशन झाडणाऱ्या त्या बाईंचे हात इतके जवळून घेतलेस ते फार छान झालंय, मॉप पिळताना तर आई एकदम गप्पच झाली. पण खाली लिहिलंयस की आता थ्री चॅनल करणार, म्हणजे एकाच कामाला तीन स्क्रीन, त्यावर जरा बोलायचंय. एवढी वर्षं इथे मेलबर्नला शिडीवर चढून लोकांच्या आर्टचे प्रोजेक्टर टांगतोय, आर्टमधलं मला काय कळतं ते सोड, पण माणसं कुठल्या खोलीत थांबतात आणि कुठून अर्ध्या मिनिटात कलटी मारतात हे वरून बरोबर दिसतं.

ऑस्ट्रेलियन व्हिडिओ आर्टिस्ट अँजेलिका मेसिटीचं ‘सिटिझन्स बँड’ आहे ना 2012 चं, ते कुठे लागलं तर सोडू नकोस. चार बाजूंना चार स्क्रीन, आपण मधे, पण चारही एकदम बोंबलत नाहीत. आधी पॅरिसच्या स्विमिंग पूलमध्ये कॅमेरूनची एक बाई पाण्यावर हात मारून ताल धरते, अगदी तबल्यावर बोल काढल्यासारखा. ते झालं की दुसऱ्या भिंतीवर मेट्रोत कीबोर्ड घेऊन गाणारा अल्जेरियन. मग तुमच्या सिडनीतच न्यूटाउनच्या कोपऱ्यावर बसलेला मंगोलियन, घशातून एका वेळी दोन सूर काढतो, आणि शेवटी ब्रिस्बेनचा सुदानी टॅक्सीवाला, गाडीत बसून नुसती शीळ घालतो. सगळे आपापला देश सोडून आलेले, आणि बघणाऱ्यालाही दर वेळी वळावं लागतं, कोण कुठून गातंय ते शोधावं लागतं. शेवटी चौघांचे आवाज मिसळतात आणि पडद्यांवर नुसते धूसर दिवे उरतात. यातली एक स्क्रीन काढली तर अख्खं काम लंगडं होतं. तुझी तिसरी काढली तर काय बिघडतं? मला तरी काहीच नाही दिसलं, तिथे तू फक्त रिकामा प्लॅटफॉर्म टाकलायस.

एका स्क्रीनवर काय होतं ते आणखी एक ऑस्ट्रेलियन, शॉन ग्लॅडवेल, त्याचं ‘स्टॉर्म सिक्वेन्स’ बघून समजेल, 2000 सालचं. सिडनीच्या बाँडाय बीचवर समुद्राच्या कडेला काँक्रीटवर तो स्वतःच स्केटबोर्डवर गोल गोल फिरतोय, स्लो मोशनमध्ये, मागे वादळ चढतंय, लेन्सवर पाणी उडतंय, बस. सुमारे आठ मिनिटं. 2007 मध्ये हेच लिलावात 84,000 डॉलरला गेलं, ऑस्ट्रेलियात लिलावात विकलेलं पहिलं व्हिडिओ आर्ट. पैशाचं सोड, पण स्क्रीन मोजून कोणी किंमत लावत नाही.

मला विचारशील तर निम्मं काम खोली करते आणि खोलीत निम्मं काम आवाज. सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सच्या नव्या बिल्डिंगखालचा ‘टँक’ तुला ट्रेनने जाण्यासारखा आहे, दुसऱ्या महायुद्धात नौदलाचं तेल साठवायची टाकी, सात मीटर उंच, खांबच खांब. तिथे टाळी वाजवून बघ, आवाज लवकर विरतच नाही. आपल्यासारख्या माणसाला हे म्हणजे संकटच, पण मेसिटीने 2024 ला तिथेच सात स्क्रीन लावल्या, कृत्तिका नक्षत्रावरून सुचलेलं काम, आणि घुमणारा आवाज धरूनच संगीत बसवलं. तू मात्र कॉलेजच्या हॉलमध्ये लावणारेस, तिथे शेजारच्या पोराचं टेक्नो तुझ्या झाडूच्या आवाजावर चढणार. म्हणून आधी कार्पेट माग, जाड काळे पडदे माग, स्पीकर बघणाऱ्याच्या डोक्याच्या वर टांग. तिसऱ्या प्रोजेक्टरच्या भाड्यात हे सगळं होऊन जाईल.

आणि लूपचा विचार कर गं, व्हिडिओ संपला की लगेच पुन्हा सुरू होणार. माणूस मधेच कधीही आत येणार, त्याला सुरुवात मिळणारच नाही. यिरकाला गावच्या न्यापान्यापा युनुपिंगू, झाडाच्या सालीवर मातीच्या रंगांनी चित्रं काढणाऱ्या आदिवासी आजी, त्यांनी पारदर्शक शीटवर पांढऱ्या पेनाने चित्रं काढली आणि तिथल्या मुल्का प्रोजेक्ट या डिजिटल स्टुडिओतल्या लोकांनी ती कॉम्प्युटरला दिली, तो आपला आपण थरावर थर बदलत राहतो. सुरुवातच नाही, मग चुकायचं काय? हे सगळं पार उत्तरेच्या टोकाला, गावच्या आर्ट सेंटरमध्ये बसून केलेलं, आमच्याकडे कितीतरी महागड्या मशिनींवर याच्या पासंगालाही न पुरणारं काम लागतं.

आई म्हणते जेजेच्या नलिनी मलानीचं लिही. लिहितो. 2023 मध्ये अ‍ॅडलेडला लागलं होतं, फिरते पारदर्शक सिलिंडर, त्यांवर रंगवलेली चित्रं, त्यांतून आरपार प्रोजेक्शन, भिंतीवर सावल्या पळतायत. तिथे प्रोजेक्टर एकापेक्षा जास्त लागतात कारण सावल्या एकमेकींवर चढायच्या असतात. असं कारण तुझ्याकडे असेल तर तीन काय पाच लाव, मी स्वतः येऊन टांगून देईन.

नाहीतर दोन. एकीवर हात, दुसरीवर तोच प्लॅटफॉर्म गर्दीच्या वेळी, जिथे त्या बाईंकडे कोणी बघत नाही, तो शॉट तुझ्याकडे आहे, सतराव्या मिनिटाला, उगाच कापलायस.

हॉलची मापं पाठव, छताची उंची आणि पॉवर पॉइंट कुठेत तेपण, म्हणजे रविवारी फोनवर लेन्सचं बघता येईल. आणि भिंतीला ड्रिल चालतं का ते आत्ताच विचारून ठेव, काही ठिकाणी साधा खिळापण मारू देत नाहीत.

बाबा