भिंतीपलीकडच्या दादाला

प्रिय दादा,

हे पत्र तुला एकट्याला पाठवता आलं असतं. पण तेव्हा तू जे केलंस ते आणखी चार जणांना कळावं असं वाटतं, म्हणून उघडच लिहितोय. तुझं नाव घालत नाही. तुला ते आवडणार नाही, माहीत आहे.

होस्टेलवर आपल्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि माझा हेडफोन बिघडलेला होता. त्यामुळे त्या महिन्यात मी जे ऐकलं ते तुलाही ऐकावं लागलं. ब्लिंक-182 या अमेरिकन रॉक बँडचं ‘ॲडम्स साँग’, पुन्हा पुन्हा. गंमत बघ, हा बँड एका व्हिडिओत कपडे न घालता रस्त्यावरून पळणारा, सगळी प्रतिमाच टवाळखोर पोरांची. आणि त्या व्हिडिओतलं गाणं ज्या 1999 च्या अल्बममधलं, त्याच अल्बममध्ये बँडमधल्या तिघांपैकी एक, गायक आणि बेसवादक मार्क हॉपसनं हे गाणं लिहून ठेवलं. दौऱ्यावरच्या एकटेपणाबद्दल. बाकीच्या दोघांची घरी वाट बघणारं कुणीतरी होतं, हा मात्र रिकाम्या घरी परतायचा. हजारो माणसांसमोर वाजवून आल्यावरही. मला तर गर्दीही नव्हती, पण ते रिकामं घर ओळखीचं होतं.

एका रात्री तू दार वाजवलंस. चार्जर मागायला आलास म्हणे. तुझा चार्जर तुझ्या खिशातून लोंबत होता, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. आज सांगतोय.

तू बसलास आणि सरळ विचारलंस, “जीव द्यायचे विचार येतायत का?”

इतकं सरळ कुणीच विचारलं नव्हतं. बाकीचे ‘काय रे, बारीक झालास’ इथवर येऊन थांबायचे. असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. माझ्यापुरतं सांगायचं तर तो विचार कधीपासून आत ठाण मांडून होता, आणि तुझ्या प्रश्नानं पहिल्यांदा खोलीची खिडकी उघडल्यासारखं झालं. मी “कधीकधी” म्हणालो. तू दचकला नाहीस. ‘आईवडिलांचा विचार कर’ म्हणाला नाहीस. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण त्यांचा विचार करूनच मी जास्त खचत होतो.

मग तू म्हणालास, “हे गाणं तू शेवटपर्यंत का ऐकत नाहीस?”

भिंतीपलीकडून तुला कळलं होतं! पियानो सुरू झाला की थोड्याच वेळात मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायचो. शेवट मला नको होता. त्या रात्री तू पुढे जाऊ दिलंस. शेवटच्या ध्रुवपदात शब्द वळतात: आधी मागे पडलेल्या चांगल्या दिवसांबद्दल बोलणारा गाण्यातला मुलगा आता उद्याच्या दिवसांबद्दल बोलायला लागतो. चाल तीच, गिटार तीच. मी हे शंभर वेळा कापलं होतं. खरं सांगतो, तेव्हा मला काही आशाबिशा वाटली नाही. रागच आला, इतकं सोपं असतं का म्हणून. तू म्हणालास, “सोपं आहे असं तो कुठे म्हणतोय?”

त्या रात्री तू जमिनीवर चादर टाकून झोपलास. घोरलास. सकाळी समुपदेशकांकडे नेलंस आणि मी आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिलास. पुढे औषधं, चुकवलेली एक सहामाही, दोनदा घसरलेली गाडी, हे सगळं तुला ठाऊकच आहे. गाण्यानं मला वाचवलं असं लोकांना सांगायला छान वाटतं, पण ते खरं नाही. गाण्यानं फक्त भिंतीतून तुझ्यापर्यंत निरोप पोहोचवला.

नंतर तू तुझी जुनी गिटार हातात दिलीस. पॉवर कॉर्ड शिकवताना म्हणालास, “यात फक्त सा आणि प. गंधार नाही, म्हणून तो आनंदीही नाही आणि दुःखीही नाही. वरून तू काय गातोस त्यावर ठरतं.” लहानपणी पेटी शिकलेल्या माझ्या डोक्यात ते लगेच बसलं. अजूनही वाईट दिवशी मी तेवढंच वाजवतो, सा आणि प, बराच वेळ, गंधार न लावता.

दादा, मनापासून आभार. जागरणाबद्दल, बाकावरच्या त्या तासाबद्दल आणि खोट्या चार्जरबद्दल.

एक तक्रार मात्र आहे. एफचा बार कॉर्ड, एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा तो, अजून लागत नाही, पहिली तार नुसती खरखरते. भेटलास की एकदा बोटं कशी दाबायची ते परत दाखव.

तुझा,
भिंतीअलीकडचा