समर्सच्या (उन्हाळी इंटर्नशिपच्या) इंटरव्ह्यूबद्दल, अमृताला

प्रिय अमृता,

तुझ्या कॉलेजचे समर्सचे इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहेत हे वाचलं आणि म्हणलं फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच काढावं, माझे आत्ताच झालेत तोवर डोक्यात ताजं आहे. लांबलंय, निवांत वाच.

आधी सीव्ही. एकच पान असतं पण पॅनल त्या एका पानातूनच सगळं उकरून काढतं गं. फेस्टला स्पॉन्सरशिप आणली अशी माझी एक ओळ होती, बस, त्यावरच किती वेळ गेला... कुणाकुणाला भेटलीस, नाही कोण म्हणालं, का म्हणालं, ज्या दुकानदारानं पैसे दिले त्याला बदल्यात काय मिळालं, पुढच्या वर्षी तो परत देईल का. मी खरंच दुकानं फिरले होते म्हणून बोलता आलं. तुझ्या सीव्हीतल्या प्रत्येक ओळीवर असे चार-पाच प्रश्न स्वतःला विचारून बघ, आणि जी ओळ टिकत नाही ती सरळ काढून टाक, पान रिकामं दिसलं तरी चालेल.

मग गेसटिमेट, म्हणजे हाताशी आकडे नसताना तर्कानं अंदाज काढायचा प्रश्न. मी कोल्हापूरची म्हणल्यावर पॅनलमधल्या सरांनी विचारलं, शहरात रोज किती लिटर दूध लागत असेल? 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख, वाढ धरून मी साडेसहा लाख घेतली, घरात चार माणसं म्हणजे एक लाख साठ हजाराच्या आसपास घरं, घरटी सरासरी एक लिटर, वर चहाच्या टपऱ्या हॉटेलं मिठाईवाले यांचं पाव हिस्सा, असं करत दोन लाख लिटरवर आले. आकड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, म्हणाले हे बरोबर की चूक कसं तपासशील? मी म्हणलं डेअरीच्या पिशव्यांचा खप घ्यायचा, पण आमच्याकडं तेवढ्यानं भागणार नाही, गंगावेशीत कट्ट्यावर लोक समोर म्हैस पिळून घेऊन धारोष्ण दूध पितात आणि गल्लोगल्ली गवळ्याचं सुट्टं दूध येतं, ते कुठल्याच कंपनीच्या हिशोबात नसतं, ते वेगळं मोजावं लागेल. तिथून पुढं सगळ्या गप्पाच झाल्या! म्हणून सांगते, मनातल्या मनात गणित करू नको, मोठ्यानं बोलत कर, आणि जिथं तू वाढलीस तिथलं जे माहितीये ते बिनधास्त वापर, कोचिंगच्या पीडीएफमधे ते नसतं.

तू एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारखा रोजच्या वापरातला माल) सेल्सच टार्गेट करतेयस ना, मग 22 सप्टेंबर 2025 चा जीएसटी बदल पाठ नको करू, समजून घे. साबण शाम्पू टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आले. मला विचारलं की 5 आणि 10 रुपयांच्या पाकिटाचं काय करशील. किंमत कमी करून साडेचारला विकायचं तर सुट्टे कुठून आणणार दुकानदार, त्यामुळं किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवायचे असं मी म्हणलं. लगेच पुढचा प्रश्न, डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमधे जुन्या एमआरपीचा माल पडलाय त्याचं काय? हे एकदा एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडं जाऊन ऐकच, एक सकाळ सेल्समनबरोबर बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, फीर, उधारी कशी चालते आणि कुठला माल का परत येतो ते बघ. खूप फरक पडतो, खरंच.

आता एक गोष्ट, जिचा मला अजून राग आहे. एका पॅनलनं मला विचारलं, फील्डवर फिरायला घरचे सोडतील का, लग्नाचं काय. माझ्याआधी आत गेलेल्या मुलांना यातलं काहीच विचारलं नव्हतं, मी बाहेर येऊन विचारलं त्यांना. मी उत्तर दिलं की कॉलेजला रोज एसटीनं जात होते, सकाळी आठला मार्केटला हजर असेन, आणि मग शांतपणे विचारलं की तुमच्या फील्ड टीममधे मुली किती आहेत आणि उशीर झाला तर परत यायची काय सोय असते. हा प्रश्न तूही विचारायचाच. आठ आठवडे तिथं तुला काढायचेत, त्यांच्या उत्तरावरून जागा कशी आहे ते कळतं. मला तिथलं उत्तर पटलं नाही, दुसरीकडून ऑफर आली ती घेतली, एप्रिल-मे विदर्भात, ऊन असणारच पण काम भारी आहे, आणि पीपीओ (इंटर्नशिपनंतर तिथंच कायमच्या नोकरीची ऑफर) मिळायचा तर इथंच मिळेल असं मनापासून वाटतंय.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको. टेल मी अबाउट युअरसेल्फ घोकलंस तर मधेच तोडल्यावर गाडी अडते, त्यापेक्षा तीन-चार मुद्दे ठेव आणि दरवेळी वेगळ्या शब्दात सांगायची सवय कर. आणि इंटर्नशिप देतो म्हणून कुणी आधी डिपॉझिट मागितलं तर अजिबात भरू नको, मग नाव केवढंही मोठं सांगू देत.

सीव्ही आजच पाठव, लाल पेनानं रंगवून देते. रविवारी दुपारी मॉक घेऊया, मी पॅनल होते, तू ब्लेझर घालूनच बस कॉलवर. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मेघा