काढलेल्या गाठीचा एक तुकडा जिवंत ठेवा

महोदय,

चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या गालातील कर्करोगाची गाठ काढली, तेव्हा शस्त्रक्रियागृहाच्या दारात परिचारिकेने प्लॅस्टिकची एक बरणी माझ्या हातात ठेवली आणि ती खाली लॅबमध्ये नेऊन देण्यास सांगितले. बरणीवर निळ्या शाईत भावाचे नाव आणि वय होते; आत फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला, कडेने पांढरट पडू लागलेला तुकडा होता. निदानासाठी हे आवश्यकच आहे, कारण फॉर्मॅलिनमुळे पेशींची रचना टिकते आणि रोगाचा प्रकार व पसारा सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. परंतु त्यात पेशी मरतात, आणि रुग्णाचे शरीर स्वतःच्या गाठीविरुद्ध लढत होते का, हे जिवंत पेशींवर तपासण्याची वाट तिथेच बंद होते, हे मला फार उशिरा समजले.

ही तपासणी नवी नाही. हेलस्ट्रॉम या संशोधक दांपत्याने १९६८ मध्ये सिअ‍ॅटल येथे रुग्णांच्या रक्तातील लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्यांच्याच गाठीच्या पेशींसमोर ठेवले, तेव्हा अनेकदा त्या पेशींची वाढ रोखली गेल्याचे दिसले. १९९१ मध्ये ब्रसेल्स येथे थिएरी बून यांच्या गटाने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) नेमके काय ओळखतात याचा माग काढत ‘मेज’ हे जनुक शोधले. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी गाठीत शिरलेले लिम्फोसाइट बाहेर काढून, इंटरल्युकिन-२ हे त्यांची वाढ घडवणारे प्रथिन देऊन वाढवून, ते त्याच रुग्णाला परत दिले. त्याच वाटेवरचा लिफिल्युसेल हा उपचार तेथे फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रगत मेलानोमासाठी मान्य झाला. या साऱ्याची सुरुवात ताज्या, न मेलेल्या तुकड्यापासून होते.

आपल्याकडे पेशी-उपचार म्हटले की आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयत्नांतून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराची आठवण होते, आणि त्याचा अभिमान वाटतो. मात्र त्यात टी-पेशी रुग्णाच्या रक्तातून घेतात आणि लक्ष्य आधीपासून ठरलेले असते. गालाच्या, स्तनाच्या किंवा आतड्याच्या गाठीत प्रत्येकाचे लक्ष्य वेगळे असू शकते, म्हणून गाठच हाताशी लागते.

माझी विनंती एवढीच की ज्या मोठ्या केंद्रांत प्रयोगशाळेची सोय आहे, तिथे निदानाला लागेल तेवढा भाग आधी वेगळा करून, उरलेल्यातील लहानसा तुकडा निर्जंतुक पोषक द्रावात, थंड ठेवून, काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि त्यातील पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवाव्यात. गाठ लहान असेल तर निदानाचाच मान पहिला, याबद्दल दुमत नसावे.

यासाठी संमती मात्र खरी हवी. १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात २२ आजारी माणसांना, टोचलेल्या पेशी कर्करोगाच्या आहेत हे न सांगता, त्या टोचल्या गेल्या. प्रतिकारशक्ती कशी वागते हेच पाहायचे होते. शस्त्रक्रियेच्या सकाळी घाईने अंगठा घेतलेला इंग्रजी कागद म्हणजे संमती नव्हे. अर्ज मराठीत असावा, आदल्या दिवशी समजावून सांगितलेला असावा, आणि नकार दिल्यास उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, असे त्यात लिहिलेले असावे.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक सांगावेसे वाटते. प्रयोगपात्रात टी-पेशींनी इंटरफेरॉन (लक्ष्य ओळखल्यावर त्या सोडतात ते प्रथिन) स्रवले म्हणून शरीरातील गाठ विरघळेलच असे नाही, कारण गाठ स्वतःभोवती प्रतिकारशक्तीला लगाम घालणारे वातावरण उभे करते. त्यामुळे अशा चाचणीचा कागद दाखवून कोणी लाखो रुपयांचा उपचार सुचवला, तर पैसे भरण्यापूर्वी शासकीय किंवा विश्वस्त कर्करोग केंद्रातील डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. आम्ही घाबरलेलो होतो आणि ते घेतले नाही.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ, सातारा